बदली येईपर्यंत

१३ नोव्हेंबर १९९७

प्रिय सुभद्रा,

वर तारीख आहे, ठिकाण नाही. ती चूक समजू नकोस. उजव्या कोपऱ्यात आधी ठिकाण, त्याखाली तारीख, मग समास सोडून मजकूर, ही माझी पद्धत तुला पाठ आहे. उजूच्या पत्रांतले ऱ्हस्वदीर्घ मी तांबड्या शाईने दुरुस्त करून ती पत्रं तिलाच परत पाठवायचो आणि मग तिने बापाला लिहायचंच सोडून दिलं, हेही तुला ठाऊक आहे. तेव्हा ठिकाण का गाळलं ते शेवटी येईल. मध्येच शेवटचं पान उघडू नकोस. तू वर्तमानपत्रसुद्धा मागून वाचतेस.

तुझ्या अलीकडच्या प्रत्येक पत्रात एक वाक्य तेच असतं. उजूचं कॉलेज, पाण्याची बोंब, मसाल्याच्या कांडपावरच्या बायकांची भांडणं, गणपतीत कोण येऊन गेलं, सगळं लिहून झालं की खाली वेगळी ओळ: ‘तुम्ही येणार की नाही, तेवढं लिहा.’ आणि मी दर वेळी काय लिहिलं? बेटावरचा समुद्र किती निळा, पाण्याखाली पोवळ्यांची कशी झाडं, वाळूत कासविणीच्या पायांचे कसे माग उमटतात. कुणी भुकेला जेवायला वाढ म्हणतोय आणि आपण त्याला ताटावरची नक्षी समजावतोय, तसला प्रकार. आज त्या एका ओळीचं उत्तर द्यायला बसलोय. पण ते सरळ लिहिता येत नाही. मिलमध्ये कापड विणायचा साचा बंद पडला की दुरुस्तीला आलेला जॉबर म्हणायचा, ‘पहिल्यापासून सांग, मधलं गाळू नको.’ तसंच सांगतो.

बेट कसं आहे ते मी तुला खरं कधी कळवलंच नाही. पोर्ट ब्लेअरहून आठवड्याची एक बोट, आणि समुद्र खवळला तर तीही नाही. वस्ती पूर्व बंगालातून आणून वसवलेल्या लोकांची. भात, सुपारी आणि मासळी. झोपडी मी स्वतः बांधली. मेढी समुद्राने काठाला आणून टाकलेल्या ओंडक्यांच्या, कारण मिठात मुरलेल्या लाकडाला वाळवी तोंड लावत नाही. छप्पर झावळ्यांचं असं मी पूर्वी लिहिलं होतं, ते चूक. ते खाडीकाठच्या धानीच्या पानांचं, बांबूच्या कामट्यांवर शिवलेलं. झावळी एका पावसाळ्यात कुजते, धानी चार पावसाळे काढते. विहीर आहे, पण भरतीला पाणी मचूळ होतं, त्यामुळे चहा ओहोटीला करायचा. काड्यापेटी तांदळाच्या डब्यात ठेवायची, नाहीतर हवेनेच गुल ओला होतो. साबण बाहेर राहिला तर शंखातले खेकडे ओढून नेतात. मागोवा घेत गेलं की झुडपात सापडतो, कुरतडलेला. वाळूतल्या बारीक माश्या अशा चावतात की पहिलं वर्षभर माझ्या पोटऱ्यांवर खपली नाही असा दिवस नव्हता. आणि झोपडीला दार नाही. मी ते केलंच नाही. दार लावून कुणाला बाहेर ठेवायचं? आपल्या खोलीत तू, मी, आई, उजू आणि गावाहून आलेले तिघे. तिथे कूस बदलायची तर शेजारच्याला सांगून बदलावी लागायची. बेटावर मी दिवसचे दिवस एक शब्द न बोलता काढले, आणि तुला लिहिताना त्याला ‘शांतता’ म्हटलं.

पाण्याखाली मात्र शांतता नाही. सिनेमात दाखवतात ते खोटं. पोवळ्याच्या खडकांशी खाली गेलं की चहूबाजूंनी सतत कडकड, तडतड ऐकू येतं. लाखो बारीक कोळंब्या नांग्या वाजवत असतात, असं पुस्तक म्हणतं. पहिल्यांदा तो आवाज कानावर आला तेव्हा मी पाण्यात जागच्या जागी थांबलो. लालबागच्या बाजूने पहिल्या पाळीला निघालं की मिलच्या भिंतीपलीकडून साचेखातं ऐकू यायचं ना, अगदी तसा. वर आलो आणि नित्यानंदाला म्हटलं, खाली आमची मिल चालू आहे. तो माझा जोडीदार, बंगाली, माझ्याहून थोडा लहान, तोंडाने फाटका आणि मनाने सोन्यासारखा. तो म्हणाला, ‘दादा, फिर तो नीचे हड़ताल भी होगी.’

मी तिथे नेमकं काय करत होतो तेही तुला नीट माहीत नाही. पहिली वर्षं शंखाच्या ठेकेदाराकडे. होडीवर पंप, त्याची नळी तोंडात, आणि तळाशी जाऊन शंख गोळा करायचे. मग कलकत्त्याच्या एका साहेबाने प्रवाशांना समुद्राचा तळ दाखवायचं केंद्र काढलं. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर काच, पायांना बदकाचे पंजे. त्याला स्कुबा म्हणतात. सिलिंडर भरायचा कॉम्प्रेसर माझ्या ताब्यात. त्याचं हवा ओढणारं तोंड वाऱ्याकडे आणि धूर सोडणारं तोंड वाऱ्याच्या उलट, ही गोष्ट मी दिवसातून अनेकदा बघायचो, कारण धूर आत गेला तर तो माणसाच्या छातीत जातो. साहेबाकडचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. चौथी शिकलेल्या माणसाने. किती खोल किती वेळ थांबायचं आणि वर येताना कुठे किती वेळ खोळंबायचं, याचा त्यात एक तक्ता आहे, तो मला पाढ्यासारखा येतो. हे मी मिरवतो आहे असं तुला वाटेल. मिरवतोच आहे. हा तक्ता मला येत होता, हे पुढे लक्षात ठेव.

पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून साहेब सगळ्यांना हाताच्या खुणा शिकवायचा. मला हसू यायचं. ज्याने साचेखात्यात जन्म काढला त्याला तू हाताने बोलायला शिकवतोस? मग मी नित्यानंदाला आपल्या खुणा शिकवल्या. तू मिलच्या वायंडिंग खात्यात सूत गुंडाळायचीस, तुला सांगायची गरज नाही, तरी त्याला समजावलं तसंच लिहितो. नेमकं त्याच शब्दांत का, ते पुढे कळेल. त्याला म्हटलं, शेकडो साचे एकदम चालतात तिथे ओरडून उपयोग नाही. माणूस ओठांनी आणि हातांनी बोलतो. डोक्यावरून हात फिरवला की मुकादम आला. दोन्ही हात छातीवर आडवे धरले की साचा बंद आहे, मला चालवता येत नाही, कुणीतरी या. आणि तहान लागली, बाहेर जायचं झालं, तर शेजाऱ्याकडे बघायचं, स्वतःच्या छातीला बोट लावायचं आणि उघडा पंजा आपल्या साच्यांवरून फिरवायचा: माझे साचे बघ. त्याने छातीवर दोन थापा मारल्या की तुझे साचे त्याचे झाले. त्याचेच साचे छळत असतील तर तो पाठ फिरवतो. राग मानायचा नाही, हा खात्याचा नियम. परत आलास की हात डोक्यावर सरळ धरायचा: आलो, आता माझे मी बघतो. तो हात दिसल्याशिवाय शेजारी हलत नाही. पाळी सुटो, भोंगा होवो. बदली, म्हणजे आपल्या जागी उभा राहणारा माणूस, आल्याशिवाय साचा सोडायचा नाही. नित्यानंद पोट धरून हसला. ‘दादा, आप लोग मिल में काम करते थे कि नाच?’ पण शिकला. इतका की पुढे होडीवर चहा उकळत ठेवून बाजूला जायचा तरी मला छाती दाखवून किटलीवरून पंजा फिरवायचा.

यातली एक खूण मी उभ्या आयुष्यात केली नाही. हात छातीवर आडवे धरायची. आपला शेजारी रामजी दिवसातून दहादा करायचा. धोटा अडकला की लगेच हात आडवे, मग जॉबर धावत. माझा साचा बंद पडला तर मी स्वतः खाली वाकायचो, तेलाने कोपरापर्यंत माखायचो, पण हात आडवे केले नाहीत. तू यावरून मला चिडवायचीस.

आपण शेवटचं भांडलो तेही खुणांनीच. संप संपला असं कुणी म्हणत नव्हतं आणि चालू आहे असंही वाटत नव्हतं, ते दिवस. मिल एकेकाला बोलावून, यापुढे वावगं वागणार नाही असं लिहून घेऊन आत घेत होती. पंगतीत आई, उजू आणि गावचे तिघे. तू वाढत होतीस. तोंडातून आवाज काढायची सोय नव्हती. तू ओठ हलवलेस: उद्या जा, सही करा. मी: मी वावगं वागलोच नाही तर लिहून काय देऊ? तू: रामजी गेला ना. मी: रामजीला कणा नाही. तेव्हा तू भाताचं पातेलं खाली ठेवलंस आणि एकेक अक्षर सुटं करून ओठ हलवलेस: मग तुमचा कणा उकळून उजूला पाजू का? आई दोघांकडे बघत होती. म्हणाली, ‘काय रे, म्हशींसारी रवंथ कित्याक करतास दोघां?’ गावचे तिघे हसले, उजू हसली, तूही हसलीस. मी ताटावरून उठलो.

त्यानंतर तू कांडपावर जायला लागलीस. पूर्वी तुझ्या केसांत कापूस असायचा, आता तिखट. संध्याकाळी उजू पळत येऊन तुला मिठी मारायची आणि डोळे चोळत रडायची. तू आल्याबरोबर गॅलरीत जाऊन पदर झटकायचीस, आणि शेजारपाजारचे ठसकायचे. मी घरात. डाळ निवडायचो, भात लावायचो. रामजी पाळी करून परतताना दारात थांबून विचारायचा, ‘काय रामदासशेट, आज भाजी काय केलीत?’ त्याच्या मनात वाईट नसेल. पण मला ते ऐकवेना. गावाकडचा एकजण अंदमानात शंखांच्या ठेकेदाराकडे होता, त्याच्या ओळखीने निघालो. आई म्हणाली, ‘दर्यात बुडी मारून काय सोना गावतला?’ ट्रंक घेऊन खाली चौकात उतरलो आणि वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर तू, कडेवर उजू. मी छातीला बोट लावलं आणि पंजा फिरवला. आपल्या खोलीवरून, तुझ्यावरून, उजूवरून, आत बसलेल्या आईवरून. तुझा एक हात उजूखाली होता. दुसऱ्याने तू छातीवर दोन थापा मारल्यास. वर्षभरात येतो, असं मी ओठांनी सांगितलं. ते तुला तेवढ्या उंचीवरून दिसलं की नाही, कोण जाणे.

मग का आलो नाही? मनीऑर्डरी चुकू दिल्या नाहीत, पण माणूस गेला नाही. सबबी मी इतक्या लिहिल्या की त्या तुला तोंडपाठ असतील: समुद्र खवळलाय, सीझन आहे, साहेब सोडत नाही. खरं एवढंच, की डोक्यावर हात धरून ‘आलो, आता माझे मी बघतो’ असं म्हणण्यासारखं काहीतरी हातात घेऊन मला चौकात उभं राहायचं होतं. ते हातात आलं नाही. आई गेली, तेव्हा तुझी तार बोटीच्या टपालात अडकून मला बाराव्यानंतर मिळाली. मी समुद्रात उतरून कंबरभर पाण्यात तिला पाणी दिलं आणि संध्याकाळी सिलिंडर भरायला बसलो. तिच्या तोंडात शेवटचं पाणी तू घातलंस. तिचं अंथरूण तू काढलंस, वर्षभर. मग मिलचे साचे भंगारात निघाले तेव्हा तू लिहिलंस, फाटकाशी उभी राहून बघितलं, ट्रकमध्ये एकावर एक टाकले होते, तुमचे कोणते आणि रामजीचे कोणते काही ओळखू येईना. त्या पत्राला मी उत्तरात नव्या जातीच्या माशाचं वर्णन पाठवलं. निळा, कडेला पिवळी पट्टी.

आता एप्रिलचं सांगतो. सीझन संपत आला होता. केंद्राच्या होडीचा नवा नांगर एका जागी पोवळ्याच्या कपारीत अडकून बसला. खोली शंभर फुटांच्या आसपास. आम्ही दोघे उतरलो, खाली एक जादा सिलिंडर नेऊन ठेवला. नांगर हलेना. नित्यानंदाने पहारेची खूण केली. वर जाऊन पहार आणतो. निघताना त्याने काय केलं, तर छातीला बोट लावून उघडा पंजा फिरवला. नांगरावरून, हत्यारांच्या पिशवीवरून, दोरावरून. काचेमागे त्याचे डोळे हसत होते. मी छातीवर दोन थापा मारल्या. तो वर गेला.

वर वारा सुटला होता. नांगराचा दोर काचून तुटला, होडी वाहवत निघाली, आणि इंजिन धरेना. तो बिचारा दोरी ओढून ओढून हाताची सालं काढत होता, आणि होडी माझ्यापासून लांब चालली होती. खाली मला यातलं काही माहीत नाही. मी पिशवीपाशी बसून होतो. तक्ता मला पाठ होता. वर जायची वेळ झाली, तेव्हा झाली हे मला कळलं. टळली, तेही कळलं. पुस्तक म्हणतं, इतक्या खोलीवर माणसाला थोडी चढल्यासारखी होते, विचार मंद होतात. झाले असतील. पण मला खरोखर एवढंच वाटत होतं, की मी थापा मारल्या आहेत आणि त्याचा हात अजून दिसलेला नाही. चहूबाजूंनी साचेखातं चाललं होतं. माझा सिलिंडर संपत आला तसा जादाचा लावला. रामजी आठवला, तेलाचा वास आठवला, पाण्याखाली वास येत नाही तरी आला. आता भोंगा होईल, आता बदली येईल. मग दुसऱ्या सिलिंडरची हवा ओढायला जड झाली. शेवटी छाती रिकामी झाली तेव्हा शरीर आपलं आपण वर सुटलं. वाटेत खोळंबायला हवं होतं, पण हवाच नव्हती तर खोळंबणार कशावर?

वर आलो तेव्हा मी ठणठणीत होतो. इंजिन एकदाचं धरलं होतं, नित्यानंद होडी घेऊन पोचला. मी त्याला आधी झापलं: साचे टाकून कुठे गेला होतास? होडीत बसलो तशा पायाला मुंग्या आल्या. पाय झटकले. मग झटकायला पाय सापडेनात. काठाला पोचेपर्यंत कमरेखाली काही उरलं नव्हतं. रक्तात हवेचे बुडबुडे होतात आणि ते मणक्यातल्या दोरीला मारतात. नित्यानंद मला खांद्यावर घेऊन वाळूतून पळत होता आणि रडत होता. ‘दादा, मैंने तो मज़ाक में किया था. मज़ाक में किया था, दादा.’

ओट्यावर उताणा पडून छपराची धानीची पानं बघत होतो, तेव्हा तू डोळ्यांपुढे आलीस. मी दोन सिलिंडर संपेपर्यंत कुणाचे साचे सांभाळले, तर असा झालो. तू तेरा वर्षं उभी आहेस. छातीवर दोन थापा मारून, उजूला कडेवर घेऊन, तिखटात. तुझ्याकडे कुणी जादा सिलिंडरही ठेवला नव्हता. आणि मी तुला माशाच्या कडेची पिवळी पट्टी कळवत होतो.

आता बाकीचं. लिहायला लाज वाटते, पण हे गाळलं तर तुझ्या ओळीचं उत्तर खोटं होईल. मला लोखंडी टाकीत घालून हवेचा दाब दिला; डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. पाय परत येणार नाहीत. लघवीला नळी आहे. शौचाचं मला कळत नाही, दुसऱ्याला कळतं. दोन-दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. एक झालेली आहे, डाव्या बाजूला, तळहाताएवढी. हात चांगले आहेत. डाळ निवडता येईल. त्यापलीकडे मी काही कामाचा नाही, आणि हे वर्षा-दोन वर्षांचंही नाही. तू आईचं अंथरूण काढलंस तेव्हा ती पाखरासारखी हलकी झाली होती. मी जड आहे.

सुभद्रा, आता ठिकाण लिहितो. ठिकाण: परळ. पाकिटावर तिकीट नाही हे तू पाहिलं असशीलच. जुलैपासून मी इथल्या इस्पितळात आहे. ती टाकी मुंबईत होती म्हणून साहेबाने मला इकडे आणवलं, आणि टाकीचे उपचार संपल्यावर इथे हलवलं. नातेवाईक आहेत का विचारलं, तर मी नाही म्हणालो. तुझी पत्रं नित्यानंद बेटावरून इकडे पाठवतो आणि माझी तिकडून टपालात टाकतो; गेल्या दोन पत्रांतला निळा समुद्र मी या खाटेवर पडून लिहिला. इथल्या सिस्टर कांताने नित्यानंदाकडे निघालेलं, तुझ्या पत्त्याचं पाकीट बघितलं आणि कपाळावर हात मारला. ‘मामा, बायको पलीकडच्या गल्लीत आणि तुम्ही तिला अंदमानातून पत्र घालताय? डोकं फिरलंय की काय?’ तीच हे पत्र आजच आणून देईल. माझी खाट तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी आहे. खाली आपल्या मिलचं आवार. चिमणी आहे, तिच्यावर पिंपळ उगवलाय. बाकी सगळं पाडून सपाट केलंय, आणि त्यापलीकडे थेट आपल्या चाळीची मागची गॅलरी. साचेखातं उभं असतं तर तू दिसली नसतीस. रोज दिसतेस. संध्याकाळी येतेस, पदर झटकतेस, दोन्ही हात कठड्यावर टेकून थोडा वेळ नुसती उभी राहतेस. केस पांढरे झालेत तुझे. उद्या पदर झटकून झाला की चिमणीच्या डाव्या अंगाला, इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खिडकी बघ. सिस्टर मला उशा लावून उठवून बसवणार आहे आणि ओळखू यावं म्हणून गजांना पांढरा पंचा बांधणार आहे. कोणती खूण करायची याचा मी बरेच दिवस विचार केला. ‘आलो’ ही खोटी पडेल, कारण माझे मी काहीच बघू शकत नाही. ‘माझे साचे बघ’ हे दुसऱ्यांदा सांगायचं तोंड नाही. म्हणून मी दोन्ही हात छातीवर आडवे धरणार आहे. पहिल्यांदाच करतोय, चुकलं तर समजून घे. दोन थापा मारायच्या की पाठ फिरवून आत जायचं ते तू ठरव. पाठ फिरवलीस तर मी राग मानणार नाही. नियम मला माहीत आहे, आणि तुझे साचे किती वर्षं छळतायत तेही. तू आत जाईपर्यंत माझे हात खाली येणार नाहीत.

तुझाच,
रामदास